खिडकीचे पाकीट

वाचकहो, गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमधली एक रविवारची सकाळ. आम्ही नुकताच चहाचा कप हातात घेतला होता. तेवढ्यात दारातून हाक आली, "जयभीम काका, आहात का घरात?" आमच्याच मजल्यावरची पोर. बी. कॉम. झालेली, एका कामगार पतपेढीत कारकून. वडील गोदीतून निवृत्त झालेले, आई डबे करून देते. घरात पगाराची म्हणावी अशी नोकरी हिचीच.

आमच्या सौ. तिला म्हणाल्या, "बस गं, पोहे खा." पण पोर बसेना. म्हणाली, "काका, तुम्ही ऑफिसात टपाल पाठवायचात ना? तुमच्याकडून कधी एकाचं पत्र दुसऱ्याच्या पाकिटात गेलं नाही का?"

आम्ही कप खाली ठेवला. हा प्रश्न तिने सहज विचारलेला नव्हता. आदल्या वर्षी काय झाले होते ते आमच्या सगळ्या इमारतीला ठाऊक होते.

त्या पतपेढीचे ३१२ सभासद आहेत. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, कारण आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती घ्यावी असा सहकार कायदाच आहे. सभेआधी प्रत्येक सभासदाला तीन कागद जातात. सभेची सूचना, वार्षिक अहवाल आणि त्याचा स्वतःचा खातेउतारा. पहिले दोन सगळ्यांना सारखेच. तिसरा मात्र ज्याचा त्याचा. कुणाची किती बचत, कुणाचे किती कर्ज, कुणाचे हप्ते थकले, हे सगळे त्या तिसऱ्या कागदावर असते.

२०२४ साली कमिटीने ठरवले की, छपाई आणि टपालाचा खर्च नको, सगळ्यांना ई-मेल करा. ठरवणारे ठरवून घरी गेले. करायचे कुणी? ह्या पोरीने.

आता ज्यांनी हे काम केलेले नाही, त्यांना वाटेल, त्यात काय एवढे? बटण दाबले की गेले. तसे नसते. नवीन ई-मेल उघडा, यादीत बघून पत्ता टाका, विषय लिहा, नाव लिहा, मग एक फाइल जोडा, दुसरी जोडा, तिसरी शोधून जोडा, आणि पाठवा. एका ई-मेलला तीन मिनिटे धरा. साधारण अडीचशे लोकांचे ई-मेल पत्ते होते. म्हणजे साडेसातशे मिनिटे, साडेबारा तास. तेही दिवसभराचे काउंटरचे काम आटोपल्यावर. पोर तीन रात्री ऑफिसात बसणार होती. जादा कामाचा पैसा नाही.

पहिल्या रात्री सव्वाशेच्या आसपास गेले. यादी सभासद क्रमांकाप्रमाणे होती आणि उताऱ्यांच्या फाइली नावाप्रमाणे. प्रत्येक वेळी वर-खाली शोधावे लागे. दुसऱ्या रात्री तिला वाटले, उरलेल्या यादीतली नावे अक्षरक्रमाने लावली तर फाइली ओळीने सापडतील. विचार बरोबर होता. पण रात्रीचे अकरा वाजलेले, डोळे जड झालेले. तिने एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना निवडला आणि क्रम लावायला सांगितले. कॉम्प्युटरने विचारले, शेजारचे रकानेही सोबत हलवू की फक्त एवढाच? तिने घाईत 'एवढाच' म्हटले. नावे हलली. ई-मेल पत्ते जागच्या जागी राहिले.

वाचकहो, कळले का काय झाले? ह्याच्या नावापुढे त्याचा पत्ता आला. त्यानंतर तिने ३८ ई-मेल पाठवले. वर नाव एकाचे, उतारा त्याच एकाचा, पण जाऊन पडला दुसऱ्याच्याच घरात.

त्या ३८ मध्ये एक गृहस्थ होते. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढले होते आणि तीन हप्ते थकले होते. घरी बायकोलाही त्यांनी सांगितले नव्हते. त्यांचा उतारा गेला त्यांच्याच खात्यातल्या एका माणसाला. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅंटीनमध्ये चहावर कुणीतरी हसत हसत म्हटले, "काय, तीन महिने झाले म्हणे!" एवढेच. त्या गृहस्थांनी चहा तसाच ठेवला आणि ते पतपेढीत आले. काही बोलले नाहीत, आरडाओरडा केला नाही. ज्याच्याकडे उतारा गेला होता त्याचा मोबाइल त्यांनी मागून आणला होता. तो तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि उभे राहिले.

पोर आम्हांला सांगत होती, "काका, ते शिव्या देते तर बरं झालं असतं."

कमिटीत तिला काढून टाकण्याची भाषा झाली. चिटणीस समजूतदार निघाले. लेखी माफीवर निभावले. पण रात्री अकरा वाजता एकट्या मुलीवर अडीचशे लोकांचे हिशेब टाकून आपण घरी का गेलो, हे मात्र त्या सभेत कुणी विचारले नाही. चूक तिची होती, हे ती स्वतःच मान्य करते. पण ती चूक व्हावी अशी मांडणी कुणाची होती?

असो. तर २०२५ चा सप्टेंबर तोंडावर आला होता आणि पोर पोहे न खाता आमच्यासमोर उभी होती.

आम्ही तीस वर्षे जावक विभागात काढली. रोज शेकडो पत्रे निघत. तेव्हा आमच्याकडे दोन रिवाज होते, ते आम्ही तिला सांगितले. पहिला असा की, पाकिटावरचा पत्ता एकाने मोठ्याने वाचायचा आणि आतल्या पत्रावरचे नाव दुसऱ्याने डोळ्यांनी पाहायचे. दोघांचे जुळले तरच गोंद लावायचा. दुसरा रिवाज खिडकीच्या पाकिटाचा. ते पाकीट तुम्ही पाहिले असेल. पुढच्या बाजूला पातळ पारदर्शक कागदाची खिडकी असते. त्या पाकिटावर पत्ता लिहायचाच नसतो. आतल्या पत्रावर जो पत्ता असतो, तोच खिडकीतून दिसतो. त्यामुळे पाकीट एकाचे आणि पत्र दुसऱ्याचे, असे होऊच शकत नाही. पत्र स्वतःच सांगते की मला कुठे जायचे आहे.

पोर एकदम खाली बसली. म्हणाली, "काका, मला कॉम्प्युटरमध्ये हीच खिडकी पाहिजे."

मग पुढचे दोन आठवडे तिने काय केले, ते आम्ही तिच्या भावाच्या जुन्या लॅपटॉपवर बसून पाहिले. ते येथे सविस्तर सांगतो, कारण आपल्या घराघरांतली मुले-मुली आज अशाच ऑफिसांत, शाळांत, दवाखान्यांत आणि सोसायट्यांत हेच काम करीत आहेत.

एकाच ई-मेलला अनेकांचे पत्ते लावून भागत नाही. तसे केले तर सगळ्यांना तेच कागद जातात आणि एकमेकांचे पत्तेही दिसतात. पत्ते लपवायचे असतील तर ते 'बीसीसी' ह्या रकान्यात टाकावे लागतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये मेल मर्ज नावाची सोय आहे. तिने प्रत्येकाचे नाव घालून वेगवेगळा ई-मेल जातो, पण प्रत्येकाला वेगळी फाइल जोडण्याची सोय त्यात नाही. तिथेच सगळे अडते.

ह्यासाठी मायक्रोसॉफ्टचाच 'पॉवर ऑटोमेट' नावाचा प्रोग्रॅम आहे. विंडोज ११ असलेल्या कॉम्प्युटरमध्ये तो दिलेलाच असतो. विंडोज १० साठी तो मार्च २०२१ पासून फुकट झाला. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणे वगैरे जादा सोयींना पैसे पडतात, पण आपण स्वतः बसून चालवायचा तर पैसा लागत नाही. त्यात प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागत नाही. डाव्या बाजूला कामांची यादी असते. एकेक काम उचलून मध्ये आणून ठेवायचे, एकाखाली एक. जशी आई धाकट्याला सांगते की, आधी दूध आण, मग पीठ, मग घरी ये, तसेच. कॉम्प्युटर तो क्रम वरून खाली पाळतो. ह्या क्रमाला 'फ्लो' म्हणतात.

तिचा फ्लो असा होता. पहिले काम, 'लाँच एक्सेल', म्हणजे यादीची फाइल उघड. दुसरे, 'रीड फ्रॉम एक्सेल वर्कशीट', म्हणजे यादी वाच. येथे पहिली ओळ ही रकान्यांची नावे आहेत, असे सांगणारी खूण करायची विसरू नये. नाहीतर कॉम्प्युटर 'नाव' ह्याच नावाच्या माणसाला पत्र धाडायला निघतो! तिसरे, 'फॉर ईच', म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी खालची कामे पुन्हा पुन्हा कर. चौथे, 'गेट फाइल्स इन फोल्डर', म्हणजे त्या सभासदाच्या फोल्डरमध्ये जेवढ्या फाइली आहेत तेवढ्या गोळा कर. पाचवे, 'सेंड ईमेल मेसेज थ्रू आउटलुक', म्हणजे त्या सगळ्या फाइली जोडून पाठव.

ह्यातली युक्ती फोल्डरमध्ये आहे. तिने प्रत्येक सभासदाचा एक फोल्डर केला. फोल्डरचे नाव म्हणजे सभासद क्रमांक. हे फोल्डरही तिने हाताने केले नाहीत. तेही एका छोट्या फ्लोने करून घेतले आणि त्यात सूचना व अहवालाच्या प्रती टाकून घेतल्या. कर्जदार सभासदाचा कर्जाचा उतारा वेगळा असतो. तो असला तर त्या फोल्डरमध्ये चार फाइली, नसला तर तीन. कॉम्प्युटरला मोजून सांगावे लागत नाही. फोल्डरमध्ये जे आहे ते सगळे जाते. म्हणजे फोल्डर हेच पाकीट.

पण 'जे आहे ते सगळे जाते' ह्यातच धोका आहे. गेल्या वर्षीचा उतारा त्या फोल्डरमध्ये पडून राहिला असेल तर तोही जाईल. म्हणून दरवर्षी नवे फोल्डर करायचे. जुन्यातच भर घालायची नाही.

आणखी एक अडचण आली. एक्सेलमध्ये ०४५ असा क्रमांक लिहिला की तो पुढचे शून्य गिळतो आणि ४५ ठेवतो. फोल्डरचे नाव ०४५ आणि यादीत ४५. फोल्डर सापडणार कसा? तिने क्रमांकाच्या आधी 'एम' हे इंग्रजी अक्षर आणि आडवी रेघ घातली. अक्षर आले की एक्सेल त्याला आकडा समजत नाही आणि शून्य शाबूत राहते. अशी साधी गोष्ट, पण ह्यात तिची एक अख्खी संध्याकाळ गेली.

तिसरी अडचण वजनाची. वार्षिक अहवाल छापखान्यातून आलेल्या प्रतीवरून स्कॅन केलेला होता, १४ एमबीचा. एकाला पाठवायला ठीक. पण २७१ जणांना पाठवायचा म्हणजे जवळजवळ ३.८ जीबी. शिवाय फाइल ई-मेलला जोडली की तिचे वजन वाटेत सुमारे एकतृतीयांशाने वाढते, कारण फाइलीचे रूपांतर अक्षरांत करून ती पाठवली जाते. ही पद्धत १९९२ साली ठरली, आणि आज जगभर ई-मेलसोबत फाइली जातात त्या तिच्याच आधारावर. जीमेलमध्ये एका ई-मेलची मर्यादा २५ एमबी आहे. तिने अहवाल स्कॅन न करता वर्डमधूनच पीडीएफ केला. तोच अहवाल एका एमबीच्या आत बसला.

येथपर्यंत सगळे झाले. आम्ही तिला म्हणालो, "छान! आता दाब बटण." पोर म्हणाली, "काका, खिडकी कुठंय?"

आम्ही गप्प बसलो. तिचे बरोबर होते. यादीतच नावापुढे दुसऱ्याचा पत्ता असता, तर ह्या फ्लोने काय केले असते? तीच चूक केली असती. फरक एवढाच की, दमलेल्या पोरीने रात्रभरात ३८ चुका केल्या, ह्याने अर्ध्या तासात २७१ केल्या असत्या, आणि एकदाही जांभई दिली नसती. यंत्राला थकवा नसतो तशी शंकाही नसते. माणूस निदान थांबून म्हणतो, "हे नाव आणि हा पत्ता काही जुळत नाही बुवा." यंत्र म्हणत नाही, म्हणून ते म्हणायला त्याला शिकवावे लागते.

तिने ते असे शिकवले. पतपेढीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासदाच्या नोंदीत ई-मेलची रिकामी जागा होती. आजवर ती कुणी भरली नव्हती. तिने कपाटातले सभासदांचे मूळ अर्ज काढले. एकेका अर्जावर सभासदाने स्वतःच्या हाताने लिहिलेला पत्ता बघून ती जागा भरली. रोज वीस-पंचवीस अर्ज, दोन आठवडे. मग उतारे काढले, तेव्हा प्रत्येक उताऱ्यावर सभासदाच्या नावाखाली त्याचा ई-मेल पत्ता छापून आला. आता पत्र स्वतःच सांगू लागले की मला कुठे जायचे आहे.

पॉवर ऑटोमेटमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट टेक्स्ट फ्रॉम पीडीएफ' असे एक काम आहे. ते पीडीएफमधला मजकूर वाचते. मात्र कागदाचा फोटो काढून केलेली पीडीएफ चालत नाही, कॉम्प्युटरवरूनच तयार झालेली लागते. तिने हे काम पाठवण्याच्या आधी बसवले आणि त्याखाली 'इफ' म्हणजे 'जर' लावला. जर यादीतला पत्ता उताऱ्यातही सापडला, तर पाठव. नाही सापडला, तर पाठवू नकोस, त्याचा क्रमांक 'शिल्लक' नावाच्या फाइलीत लिहून पुढच्याकडे जा. उताराच नसेल तरीही 'शिल्लक' मध्ये लिही. एक वाचणार, दुसरा पाहणार, जुळले तरच गोंद. आमचा तीस वर्षांचा जावकचा रिवाज त्या लॅपटॉपवर चार ओळींत बसलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. खरे सांगतो, ऊर भरून आला.

तरीही तिने लगेच पाठवले नाही. पहिली चाचणी पाठवण्याची नव्हतीच. पाठवण्याच्या जागी तिने 'डिस्प्ले मेसेज' हे काम ठेवले, म्हणजे कुणाला काय जाणार ते नुसते पडद्यावर दिसावे. दुसऱ्या चाचणीत पाच खोटे सभासद करून, पाचही ठिकाणी स्वतःचाच पत्ता घालून पाठवले, आणि आलेली प्रत्येक फाइल उघडून पाहिली. तिसऱ्या चाचणीत मुद्दाम दोन पत्त्यांची अदलाबदल केली. फ्लोने दोन्ही अडवले आणि 'शिल्लक' मध्ये लिहिले. तेव्हा कुठे पोर हसली. म्हणाली, "आता ह्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही."

ऑफिसात मात्र ऐनवेळी एक गोम निघाली. तिथल्या कॉम्प्युटरवर नवे आउटलुक होते, आणि हा फ्लो जुन्या, म्हणजे 'क्लासिक' आउटलुकवरच चालतो. ते बसवून घ्यावे लागले. आउटलुक नसेल तर 'सेंड ईमेल' नावाचे दुसरे काम आहे. त्यात जीमेलवरूनही पाठवता येते. पण जीमेलचा नेहमीचा पासवर्ड तेथे चालत नाही. आधी दुहेरी पडताळणी चालू करून 'ॲप पासवर्ड' नावाचा वेगळा पासवर्ड काढावा लागतो. आणि साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पेक्षा जास्त जणांना पाठवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. प्रत्येक ई-मेलनंतर पाच सेकंद थांबण्याचे 'वेट' हे कामही तिने घातले, म्हणजे एकदम लोंढा जात नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी सकाळी अकरा वाजता, चिटणीसांना शेजारी बसवून तिने फ्लो सुरू केला. रात्री अकराला नव्हे, सकाळी अकराला! पाऊण तासाच्या आत संपले. २७१ पैकी २६४ गेले. ७ अडले आणि 'शिल्लक' मध्ये पडले. चार जणांनी मधल्या काळात पत्ता बदलला होता, तो यादीत नवा आणि उताऱ्यावर जुना होता. तिघांचे उतारे निघायचेच राहून गेले होते. हे सात कागद आदल्या वर्षी कुठे गेले असते, कोण जाणे.

कमिटीतले एक सभासद तेव्हा म्हणाले, "वा! आता हे काम शिपाईसुद्धा करील. नुसते बटण तर दाबायचे." पोर काही बोलली नाही. तिने त्या सात जणांची यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "साहेब, बटण कुणीही दाबेल. ह्या सातांचं काय करायचं ते सांगा." साहेबांनी चष्मा पुसला. ते काम शेवटी तिनेच केले.

वाचकहो, यंत्र आले की माणूस जातो, ही भीती आपल्या लोकांना नवी नाही आणि ती पोकळही नाही. कित्येकांच्या घरच्या चुली अशा बदलांत विझल्या आहेत. पण त्या दिवशी यंत्राने काय नेले आणि काय राहिले, ते नीट पाहा. साडेबारा तासांचे फाइली जोडणे गेले. अर्ज बघून पत्ते भरणे राहिले, चाचणी घेणे राहिले, सात अडलेल्यांची चौकशी राहिली. म्हणजे हाताचे गेले, जबाबदारीचे राहिले. ज्याला हे राहिलेले काम येते, त्याला हलवणे सोपे नाही. म्हणून आमचे आपल्या मुला-मुलींना सांगणे आहे, नुसते बटण दाबायला शिकू नका. बटणाच्या आधीचे आणि नंतरचे काम शिका. हा प्रोग्रॅम फुकट आहे. दोन-चार रविवार त्याला द्या.

आता जरा आपल्या घरात डोकावू. पतपेढीत, बँकेत, मुलांच्या शाळेत, दवाखान्यात आपण कुणाचा ई-मेल पत्ता दिला आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? ह्या पोरीला मूळ अर्ज तपासताना काय दिसले, सांगतो. कुणी जावयाचा पत्ता दिलेला, कुणी शेजाऱ्याच्या मुलाचा. एकाने तर फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याचाच! बायांच्या नावांपुढे बहुतेक नवऱ्याचा नाहीतर दिराचा. म्हणजे कारकुनाने कितीही जपून पाठवले तरी, आपल्या कर्जाचा कागद आपणच दुसऱ्याच्या घरात टाकायला सांगितलेला! सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल दिला. राज्यघटनेने दिलेला हा हक्क आपण सायबर कॅफेच्या टेबलावर विसरून यायचा का?

तेव्हा ह्या आठवड्यात एवढे करा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा, आईचा आणि सुनेचासुद्धा, स्वतःचा ई-मेल पत्ता काढून द्या. त्याचा पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे राहू द्या. मग पतपेढीत आणि बँकेत जाऊन लेखी अर्जाने तो नोंदवा आणि अर्जाची पोच घ्या. ज्यांना ई-मेल जमत नाही, त्यांनी 'मला कागदच पाठवा' असे स्पष्ट लिहून द्यावे. त्यात कमीपणा काही नाही. आणि दुसऱ्याचा उतारा चुकून तुमच्याकडे आला, तर तो वाचू नका, कुणाला दाखवू नका. पाठवणाऱ्याला कळवा आणि पुसून टाका. त्या दिवशी कॅंटीनमध्ये कुणी एवढे पाळले असते, तर एका बापाचा चहा टेबलावर तसाच राहिला नसता.

त्या पतपेढीत ज्यांना ई-मेल नव्हता असे ४१ सभासद निघाले. त्यांना कागद पाठवायचे होते. पोरीने चिटणीसांकडे हट्ट धरून खिडकीची पाकिटे आणायला लावली. आम्ही दुपारी जाऊन ती भरायला बसलो. ती वाचत होती, आम्ही पाहत होतो. बऱ्याच वर्षांनी बोटांना गोंद लागला.

ते नर्सिंगवाल्या मुलीचे वडील त्या ४१ मध्येच आहेत. त्यांना ई-मेल आहे, मोबाइलही आहे, थकलेले हप्तेही फिटले. पण २०२४ नंतर त्यांनी लिहून दिले की, मला ई-मेल नको. पोर त्यांचे पाकीट टपालात न टाकता स्वतः घेऊन गेली. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, खिडकीतले स्वतःचे नाव वाचले, आणि सही करून घेतले. पुढच्या वर्षी ई-मेलने पाठवू का, असे तिने भीतभीत विचारले. ते म्हणाले, "अजून कागदच राहू दे, पोरी."

तिने वहीत तसे लिहून घेतले.